पाय धुतले, मग संघटनाही मोडली

आज अमेरिकेला जाऊया. १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय पाळकाच्या सभांत काळे-गोरे एकत्र गुडघे टेकायचे. याच सेमूरना आधी ह्यूस्टनमध्ये वर्गाच्या दाराबाहेर बसून बायबल शिकावं लागलेलं. का? आत गोरे! तिथूनच पेंटेकोस्टल पंथ जगभर पसरला, पण एकी तुटली. १९४८ मध्ये या चर्चेसचा महासंघ निघाला, तर एकाही कृष्णवर्णीय चर्चला बोलावणं नाही.

ऑक्टोबर १९९४ मध्ये दोन्हीकडचे पुढारी मेम्फिसला जमले. एका गोऱ्या पाळकाने रडत रडत बिशप इथिएल क्लेमन्स यांचे पाय धुतले, येशूने शिष्यांचे धुतले तसे. मग कृष्णवर्णीय बिशप चार्ल्स ब्लेक यांनी थॉमस ट्रास्क या गोऱ्या पुढाऱ्याचे धुतले.

लोकांच्या लक्षात हेच राहिलं. मला मात्र दुसरीच गोष्ट मोठी वाटते. गोऱ्यांनी 'या आमच्यात' असं म्हटलं नाही, आपला महासंघच बरखास्त केला. नवी संघटना काढली. तिचे पहिले अध्यक्ष? क्लेमन्स!

रविवारी मात्र तिथली बरीच चर्चेस अजून आपापल्या रंगाचीच भरतात. वरचं झालं, गल्लीतलं बाकी आहे.