मॉल्डनचे रण आणि सभागृहातील शब्द

इंग्रजी वाङ्मय म्हटले की आपले मन शेक्सपिअरपाशी, फार तर चॉसरपाशी जाऊन थांबते. परंतु १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्यापूर्वी कित्येक शतके त्या बेटात आंग्ल-सॅक्सन लोकांची कविता नांदत होती. तिची भाषा आजच्या इंग्रजाला परक्या भाषेसारखी शिकावी लागते. या कवितेत प्रेमिकांची हितगुजे जवळजवळ नाहीत. आहे तो सरदार आणि त्याच्याभोवती बसलेले त्याचे वीर. सरदाराने सोन्याची वळी, तलवारी, घोडे वाटावेत, आपल्या सभागृहात मधाचे मद्य पाजावे, आणि वीरांनी त्याची फेड रणांगणावर करावी, असा हा करार होता. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात, तसे हे प्यालेल्या मद्याला जागणे होय. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इसवी सन ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांविषयी लिहिताना नोंदविले आहे की, नायक पडल्यावर रणातून जिवंत परतणे ही त्यांच्यात जन्माची नामुष्की समजली जाई. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यातही म्हातारा राजा सर्पासुराशी झुंजत असता त्याचे दहा साथीदार रानात पळतात आणि एकटा विग्लाफ मदतीस धावतो. पण ती झाली पुराणकथा. आज मला बोलावयाचे आहे ते खऱ्याखुऱ्या घडलेल्या एका लढाईविषयी आणि तिच्यावरील काव्याविषयी.

इसवी सन ९९१, ऑगस्टचा महिना. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एसेक्स प्रांतात मॉल्डन गावाजवळ व्हायकिंगांचे आरमार येऊन थडकले. ब्लॅकवॉटर नदीच्या खाडीतील एका बेटावर त्यांनी तळ दिला. बेट आणि काठ यांना जोडणारी एक चिंचोळी वाट आहे. भरतीच्या वेळी ती पाण्याखाली जाते, ओहोटीला उघडी पडते. आजही हे तसेच चालते. काठावर प्रांताचा अधिपती बिर्टनॉथ आपली फौज घेऊन उभा होता. तो राजा एथेलरेडचा अधिकारी, वयाने साठीपलीकडचा, केस पिकलेले. त्याने घोडे हाकलून देण्याची आज्ञा केली. परत फिरण्याचे साधनच नको! एका तरुणाने हे पाहिले आणि हातावरचा आपला लाडका ससाणा रानाकडे उडवून दिला. युद्धाची घोषणा, शपथ, प्रतिज्ञा यांपैकी काहीही नाही. पण या मुलाचा निश्चय झाला हे आपल्याला कळते.

पलीकडून व्हायकिंगांचा दूत ओरडून सांगतो की, सोने द्या, आम्ही गलबतांत बसून निघून जातो. बिर्टनॉथ उत्तर देतो की, खंडणी मिळेल, पण ती भाल्यांची आणि जुन्या तलवारींची. भरती ओसरते. वाट अरुंद, आणि तिच्या तोंडाशी तीनच वीर तिला रोखून धरतात. मग व्हायकिंग युक्ती लढवितात. अलीकडे येऊ द्या, म्हणजे बरोबरीने लढता येईल, अशी मागणी करतात. बिर्टनॉथ ती मान्य करतो आणि शत्रूला वाट मोकळी करून देतो.

हे त्याने का केले? कवी एकच शब्द वापरतो, ‘ओफरमोड’. त्या एका शब्दावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. कोणी त्याचा अर्थ अतिधैर्य करतात. टोल्किनने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखनात मात्र ठासून सांगितले की तो शब्द निंदेचाच आहे, गर्वाचा आहे; सैतानाच्या गर्वासाठीही जुन्या कवींनी तोच वापरला आहे. दुसरी बाजूही पोकळ नाही. वाट अडवून धरली असती तर ते लोक शिडे उभारून किनाऱ्यावर दुसरीकडे, जेथे फौज नव्हती तेथे, उतरले असते. मी सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेला माणूस आहे, आणि मला टोल्किनचे म्हणणे अधिक पटते. ज्याच्या हाती एक प्रांत सोपविलेला आहे, त्याला स्वतःची मान पणाला लावण्याचा अधिकार असेल. परंतु आपल्या कीर्तीसाठी इतरांच्या माना पणाला लावण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? त्याच्या हाताखालच्यांना हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

लढाईत बिर्टनॉथ पडतो. ओडाचा मुलगा गॉड्रिक, ज्याला सरदाराने आजवर कित्येक घोडे बक्षीस दिले होते, तोच धन्याच्या घोड्यावर बसून पळ काढतो. अनर्थ होतो तो यानंतर. घोडा ओळखीचा, म्हणून पुष्कळांना वाटते की खुद्द सरदारच निघाला, आणि फळी फुटते. या एका पळण्याचा कवीने जितका राग धरला आहे, तितका शत्रूचाही धरलेला नाही. शत्रूच्या सेनापतीचे तर तो नावही घेत नाही.

जे उरतात त्यांना विजयाची आशा नाही. त्यांना एकामागून एक बोलताना आपण ऐकतो. कुलीन एल्फ्विन आठवण देतो ती मद्यगृहात बाकांवर बसून केलेल्या वल्गनांची. आता त्यांचा खरेपणा पाहावयाचा आहे. ऑफाने तर आदल्या सभेतच म्हटले होते की येथे शूरपणे बोलणारे पुष्कळ, गरजेच्या वेळी टिकणारे थोडे. लिओफसुनूला भीती आहे ती गावकऱ्यांच्या टोमण्यांची. आपण धन्यावाचून घरी परतलो असे त्यांनी म्हणू नये. मग डनरे नावाचा साधा शेतकरी भाला हालवून एवढेच सांगतो की सूड घ्यावयाचा असेल त्याने कचरू नये. त्याला कोणी सोन्याची वळी दिली असतील असे वाटत नाही! तरीही कवीने त्याला सरदारपुत्रांच्या पंक्तीत बसविले आहे, आणि मला हा काव्याचा सर्वांत मोठा धीटपणा वाटतो. शेवटी म्हातारा बिर्टवोल्ड बोलतो. बळ उणावते आहे म्हणूनच मन अधिक कठीण केले पाहिजे, असा त्याच्या बोलण्याचा भाव; आणि आपल्या धन्याशेजारी पडून राहावे हीच त्याची इच्छा. धन्याच्या चुकीविषयी तो अवाक्षर काढीत नाही. त्याला ती दिसली नसेल असे मला वाटत नाही.

त्याच वर्षी राजा एथेलरेडने व्हायकिंगांना १०,००० पौंडांची खंडणी दिली. पुढे ती वाढत गेली आणि १०१६ साली डेन्मार्कचा कॅन्यूट इंग्लंडच्या गादीवर बसला. बिर्टनॉथचे शव ईली येथील मठात पुरले गेले. मस्तक शत्रूने नेले होते. त्याच्या जागी मेणाचा गोळा ठेवला असे मठाच्या बखरीत आहे. १७६९ साली थडगे उघडले तेव्हा सांगाड्याला खरोखरच मस्तक नव्हते.

काव्याचे नशीबही काहीसे असेच. त्याचे आरंभीचे आणि अखेरचे भाग फार पूर्वीच गहाळ झाले होते. उरलेले हस्तलिखित १७३१ साली लंडनमधील आगीत जळाले. अगोदर करून ठेवलेल्या एका नकलेमुळे ३२५ ओळी वाचल्या. त्यांतल्या शेवटल्या ओळींत एक वीर भाले फेकीत, वार करीत शत्रूच्या गर्दीत पुढे घुसतो. त्याचेही नाव गॉड्रिक. कवी लगेच खुलासा करतो की पळून गेला तो गॉड्रिक हा नव्हे. आणि तेथे काव्य तुटते.