दिंडीतले स्वभाव
(शताब्दी मेळाव्यात झालेले भाषण)



या मेळाव्यात मोठमोठ्या महाराजांची कीर्तने झाली. आमच्या वाट्याला विषय आलाय स्वभावाचा. हा कीर्तनाचा विषय नव्हे, बैठकीचा आहे. पण शंभर वर्षे दिंडी नुसत्या भजनावर चालली असे कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा पहाटे दोन वाजता आमच्या स्वयंपाकाच्या ट्रकपाशी येऊन उभे राहावे.

दिंडीत माणसे निवडून घेता येत नाहीत. गळ्यात माळ आहे, भिशी भरली, झाला तो आपला. मग अडीच-तीन आठवडे त्याच्याशेजारी चालायचे, त्याच्याच राहुटीत झोपायचे. पहिले दोन-तीन दिवस सगळेच गोड बोलतात. पुणे ते सासवड हा मोठा टप्पा, त्यात दिवेघाटाची चढण, आणि बहुधा एकादशीचा उपास. त्या संध्याकाळी ज्याचा जो स्वभाव तो उघडा पडतो.

कुणी घाईचा असतो. पालखी हलायच्या आधी त्याचे पाय हलतात. त्याला ओळीत चालवणे म्हणजे वासराला दाव्याला धरून चालवणे. आमच्याकडे असा एक गडी होता. त्याला पुढच्या मुक्कामाची जागा धरायला पाठवू लागले, आणि तेव्हापासून आमची राहुटी कधी चिखलात पडली नाही. कुणी हिशेबी असतो. पत्रावळ्या मोजतो, तेलाचा डबा उचलून बघतो, लोक त्याला चिकट म्हणतात. पण शेवटच्या मुक्कामापर्यंत शिधा पुरतो तो त्याच्यामुळेच. कुणाचा आवाज मोठा, मन त्याहून मोठे, मात्र चाल त्यानेच धरायची हा हट्ट. आणि बायाबापड्या? डोक्यावर तुळस घेऊन सगळी वाट चालतात, बैठकीत मात्र मागे बसतात. त्यामुळे त्यांचा स्वभाव ‘सोशिक’ एवढाच आपल्या वहीत लिहिलेला. ही वही तपासायला झालीय.

काही वर्षांपूर्वी आपल्या दिंडीत दोन तट पडले होते. जुन्या मंडळींना ठाऊक आहे. भजनाची मंडळी पंगतीला वेळेवर येईनात, स्वयंपाकाची मंडळी ताटकळून चिडू लागली. “तुम्ही टाळ कुटायचे आणि आम्ही भांडी घासायची का?” इथपर्यंत मजल गेली. पुढच्या वर्षी दुसरा ट्रक, वेगळी दिंडी, असे बोलणे सुरू झाले. असे तुकडे झालेल्या दिंड्या आपण पाहिल्यात. पाच-दहा वर्षांत दोन्ही तुकडे विरून जातात.

तेव्हाच्या विणेकरीबाबांनी काय केले ते सांगतो. पालखीतळावरची समाजआरती तुम्ही रोज बघता. चोपदारांनी चोप उंचावला की हजारो टाळ एकदम गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिथे जाऊन तक्रार ऐकतात. भांडण न करता गाऱ्हाणे मांडायची ही किती शहाणी रीत आहे! बाबांनी तीच रीत राहुटीत आणली. पंगत उठली की सगळ्यांनी टाळ घ्यायचे. बाबांनी हात वर केला की थांबायचे. ज्याला काही सांगायचेय त्याने वाजवत राहायचे, आणि तो बोलेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचे नाही.

पहिल्या रात्री सगळ्यांना वाटले, आता मोठ्या आवाजाचे गडी वाजवणार. टाळ वाजत राहिला तो भांडी घासणाऱ्या एका अबोल माणसाचा. अकरा वाऱ्या ट्रकवर झाल्या होत्या त्याच्या. दिंडीत समज असा, की त्याला माणसांत रमत नाही, भांडीच बरी वाटतात. तो एवढेच म्हणाला, “मला एकदा रिंगण बघायचंय.”

ट्रक पुढे जातो, रिंगण मागे होते. अकरा वर्षांत त्याने माउलींचा अश्व धावताना पाहिला नव्हता. राहुटीत कुणी बोलेना. दुसऱ्या दिवशी चार टाळकरी आपणहून ट्रकवर बसले. रिंगणाच्या दिवशी भजनातल्यांनी चुलीची पाळी घ्यायची ही आपल्याकडची रीत तेव्हापासूनची. पंगतीचे भांडणही तिथेच मिटले, कारण चुलीपुढे एक दिवस काढलेला माणूस पंगतीला उशीर करत नाही.

आता आपली मुले पुण्याला, चाकणला कंपन्यांत आहेत. तिथे प्रश्नांचा कागद भरून घेतात आणि तू अंतर्मुख, तू बहिर्मुख असे सांगतात. स्वित्झर्लंडच्या कार्ल युंग नावाच्या डॉक्टरांनी १९२१ साली या स्वभावांवर ग्रंथ लिहिला. पुढे अमेरिकेत एका मायलेकीने त्यावरून सोळा प्रकार पाडले. त्याला नावे ठेवायचे कारण नाही, माणूस ओळखायला त्याची थोडीफार मदत होत असेल. पण ज्ञानेश्वरीचा चौदावा अध्याय वाचणाऱ्याला एक गोष्ट जास्त कळते. सत्त्व, रज, तम हे तिन्ही एकाच देहात असतात. एक वर आला की दुसरे दोन दबतात, आणि पुन्हा पालटतात. सकाळी काकड्याला शांत असलेला माणूस दुपारी टँकरपाशी भांडतो, तो माणूस दुसरा नसतो. म्हणून ‘तो तसलाच’ हा शिक्का मारू नये. भांडीवाल्याला अकरा वर्षे तोच शिक्का बसला होता.

कुणी म्हणेल, सावतोबा अरणला मळ्यातच राहिले, पांडुरंग त्यांच्याकडे आला, मग ट्रकवरच्याने रिंगण कशाला बघायचे? सावतोबा आपल्या मनाने राहिले हो. ट्रकवरच्याला आपण कधी विचारले होते?

नामदेवांना गोरोबाकाकांनी थापटीने तपासून कच्चे म्हटले. नामदेवांना ते लागले. पण कच्चे म्हणून संतमंडळींनी त्यांना ओळीबाहेर काढले नाही, आणि पुढे त्याच नामदेवांनी पंजाबपर्यंत नाम नेले.

यंदापासून एवढे करायचे ठरलेय. भिशी भरताना प्रत्येकाला विचारायचे: कोणते काम आवडीने कराल, आणि कोणते एकदा तरी करून बघायचेय? बायांनाही विचारायचे, त्यांच्या घरधन्याला नव्हे. दोन्ही उत्तरे वहीत लिहायची. रात्रीचा टाळ सुरूच राहील. प्रस्थानाआधी आठ दिवस वही विणेकऱ्यांकडे पोचली पाहिजे, म्हणजे ट्रकच्या पाळ्या आळंदीतच लावता येतील.