घरातला कापूस आणि घरातली धूळ
(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावाचे बोलणे झाले, कर्जाचे झाले. आता आम्ही धुळीवर बोलणार म्हटल्यावर मागे कोणीतरी हसले. हसा. पण घरी गेल्यावर एवढे बघा, की आपला कापूस कुठे पडला आहे आणि आपली लेकरे कुठे झोपतात. पुष्कळ घरांत दोन्हींची जागा एकच निघेल.

२०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांच्या वरचा भाव दाखवला. पुढच्या वर्षी तोच भाव परत येईल म्हणून आपण कापूस घरात कोंडला. २०२२-२३ चा हमीभाव मध्यम धाग्याला ६,०८० आणि लांब धाग्याला ६,३८० रुपये. बाजार त्याच्या वर होता, पण दहा हजारांचे नाव नव्हते. संक्रांत गेली, होळी गेली, ऊन तापले, तरी गंज्या घरातच. मग गावोगाव एकच तक्रार सुरू झाली : अंगाला खाज आणि लाल पुरळ. मोठे माणूस खाजवून गप्प बसते. लेकरू रात्रभर रडते.

ही खाज नुसत्या धुळीची नसते. बोंडअळीच्या अळ्या कापसाबरोबर घरात येतात. त्या अळ्यांवर जगणारा एक किडा आहे, गोचिडाच्या जातकुळीतला, पण इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. कडब्यात आणि धान्यातही तो होतो. गंजीवर कोणी लोळले की तो माणसाला चावतो. कातडीत तो घर करीत नाही, आणि खरजेसारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणून मलमाने दोन दिवस आराम पडतो, पण गंजी उशाशी आहे तोवर खाज परत येते.

आणि धूळ वेगळीच. तंतू, पाचोळ्याचा चुरा, माती. सूतगिरणीत वर्षानुवर्षे ही धूळ खाल्लेल्या कामगाराची छाती सुट्टीनंतर कामावर आला की भरून येते. कायद्याने हा नोंद करण्याचा रोग आहे. आपल्या माजघराला मात्र कोणताच कायदा लागत नाही.

पूर्वी वाड्याला ढाळज होती, गोठा वेगळा, धान्याला बळद, ज्वारीला पेव. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची माळवदे बसली. (माळवदाची माती रोज ताटात गळायची, ती गेली याचे दुःख नाही.) नव्या वसाहतींत माणसाला खोल्या मिळाल्या, पण बैल, कडबा, शेळी, कापूस यांचा हिशोब नकाशा काढणाऱ्याने फारसा धरला नव्हता. नांदेडकडे भूकंपाची झळ तेवढी नव्हती, तरी वाटण्या होऊन घरे दोन खोल्यांवर आलीच. एका खोलीत चूल, दुसरीत कापूस आणि माणसे. चुलीची ठिणगी आणि कापूस यांवर वेगळे सांगायला नको.

तेव्हा हातात आहे ते करू. वेचताना कवडी आणि किडका कापूस वेगळा ठेवा, चांगल्यात मिसळू नका. दव वाळल्यावर वेचा. तरीही ओल वाटली तर उन्हात पसरून मगच आत न्या. गंजी झोपायच्या खोलीत नको. दुसरी खोली नसेल तर ओसरीला पत्र्याचा आडोसा करा, तेही जमत नसेल तर निदान गंजी जुन्या धोतर-लुगड्यांनी पूर्ण झाका. लेकरांना गंजीवर उड्या मारू देऊ नका. आम्हीही लहानपणी मारल्या आहेत, मजा येते हे खरे.

कुत्र्याला आणि शेळीच्या करडांनाही ऊबदार जागा तीच आवडते. त्यांचे केस, पिसवा, गोचिड त्यात उतरतात आणि तेथून लेकरांच्या वाकळेत. शिवाय कापसात केस निघाला की व्यापारी कचरा म्हणून भाव तोडतो, तो वेगळाच. कुत्र्याला बाहेर पोते टाकून द्या.

कोरड्या केरसुणीने झाडले की धूळ उडते आणि तासाभराने तेथेच बसते. पाणी शिंपडून झाडा, फरशी असेल तर ओल्या फडक्याने पुसा. वाकळा आठवड्याला कडक उन्हात टाका. गाडी भरताना पुरुषांनी उपरणे आणि बायांनी पदर नाकाला घट्ट बांधावा. ज्वारीची मळणी करताना वारा बघून यंत्र लावा, भूस गावावर यायला नको. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी घरात पाखडू नका. तो काळा भुगा बुरशीचा असतो.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नका. खाज जावी म्हणून काही जण गंजीवर कीटकनाशक मारतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, आणि ती उघड्या रानात फवारत होती. येथे तर बंद खोली आणि त्यात निजलेले लेकरू.

भावासाठी थांबू नका, असे आम्ही म्हणत नाही. थांबणे हा आपला हक्क आहे. पण सोयाबीन-तुरीच्या पोत्यांना बाजार समितीत तारण ठेवण्याची योजना १९९०-९१ पासून आहे. सुट्या कापसाला बहुतेकांचे घर हेच गोदाम. म्हणून बाजार समित्यांनी आवारात कापसासाठी शेड बांधावी, असा ठराव या बैठकीपुढे ठेवतो आहोत. सह्यांचे कागद दाराजवळच्या टेबलावर आहेत. घर झाडणाऱ्या बायांच्या सह्या आधी घ्या.