राजीचा दुसरा भाग: आपले अंदाज आणि माझी उधारी

(ज्यांना बसमध्ये हेडफोन लावून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच जवळपास ठेवलंय. मध्ये आलेल्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या काढल्यात.)

आज गुरुवार. भोसरी एमआयडीसीत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आपला रविवार गुरुवारी येतो. मशीन बंद, मोबाईल चार्ज, आणि मी मोशीच्या आमच्या खोलीत पंखा बंद करून बसलोय, कारण पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. तेव्हा घाम गाळून बोलतोय, शेवटपर्यंत ऐका.

विषय तुम्हीच दिलाय. मागच्या भागानंतर तुमचे जे व्हॉइस मेसेज आले, त्यातले निम्मे एकाच गोष्टीवर होते. राजी. दुसऱ्या भागात काय होणार? तर आज आपले अंदाज मांडू, माझेही आणि तुमचेही. आणि शेवटी मला एक कबुली द्यायची आहे. ती बरेच दिवस राहून गेलीय.

आधी थोडक्यात, नवीन मंडळींसाठी

'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम 2020 मध्ये आला. ऑगस्टमध्ये निन्टेंडो स्विचवर, ऑक्टोबरमध्ये पीसी आणि बाकीच्या कन्सोलवर. बनवला कुणी? नॉडिंग हेड्स गेम्स. आणि हा स्टुडिओ कुठला? पुण्याचा! आपण नाशिक फाट्याला उभं राहून बस पकडतो ना, त्या बसच्या टप्प्यातलं शहर. हा गेम त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम इंडी गेमच्या नामांकनात होता. बक्षीस 'फॅस्मोफोबिया'ने नेलं, पण त्या यादीत पुण्याचं नाव बघून मी खोलीत एकटाच ओरडलो होतो.

गोष्ट साधी आहे. राजी ही जत्रेत कसरती करणारी पोरगी. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर हल्ला करतात आणि तिच्या लहान भावाला, गोलूला, उचलून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि पोरगी निघते भावाला सोडवायला. भिंतीवरून पळणं, खांबाला गरका मारून असुराच्या डोक्यात त्रिशूळ घालणं, आणि वरून देव आपापसात तिच्याबद्दल बोलतायत, असा सगळा प्रकार. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे दाखवलेत. सुमारे पाच तासांत गेम संपतो, आणि शेवट... शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की जेवताना कुणीतरी ताट ओढून घ्यावं तसं होतं.

म्हणून 2025 मध्ये 'राजी: कलियुग'ची घोषणा झाली तेव्हा आपल्या ग्रुपवर रात्री दीड वाजता शंभरावर मेसेज पडले. सेकंड शिफ्टवाले तर बसमधूनच सुरू झाले होते.

अंदाज पहिला: कॅमेरा

पहिल्या भागात कॅमेरा लांबून, वरून होता. राजी मुंगीएवढी आणि मंदिर डोंगराएवढं. कलियुगात कॅमेरा तिच्या मागे आलाय, थर्ड पर्सन. काही जण नाराज आहेत. म्हणतात, ती भव्यता गेली.

मला नाही तसं वाटत. 'गॉड ऑफ वॉर'ने 2018 मध्ये हेच केलं. लांबचा कॅमेरा क्रेटोसच्या खांद्यामागे आणला, आणि नुसत्या मारामारीच्या गेममधून बाप-लेकाची गोष्ट बाहेर आली. जवळून माणसाची मान दिसते, श्वास दिसतो. राजीचा चेहरा आपण पहिल्या भागात धड पाहिलाच नव्हता. माझा अंदाज असा की कॅमेरा जवळ आला म्हणजे गोष्टही जवळ येणार. लढाई कमी होईल असं नाही, पण लढाईनंतर ती गप्प बसलेली दिसेल.

धोका मात्र खरा आहे. लांबून एक भिंत चालून जाते. जवळून तिच्यातला एकेक दगड घडवावा लागतो. आमच्याकडे व्हीएमसीवर जॉब लावताना मिलिमीटरची सूट असली तर अर्ध्या तासाचं काम असतं; तीच सूट मायक्रॉनवर आली की अख्खी शिफ्ट जाते. छोट्या टीमचंही तेच. म्हणून उशीर होतोय म्हणून शिव्या घालू नका.

अंदाज दुसरा: कलीच्या पाच जागा

हा माझा लाडका अंदाज आहे, आणि तुमच्यापैकी कुणीच पाठवला नाही याचा मला आनंद आहे. (हसतो.)

भागवतात परीक्षित राजाची गोष्ट आहे. कली राज्यात शिरतो, राजा तलवार काढतो. कली पाय धरतो आणि म्हणतो, मला राहायला जागा तरी द्या. राजा त्याला चार जागा देतो: जुगार, दारू, व्यभिचार आणि हिंसा. कली म्हणतो, अजून एक. तेव्हा राजा पाचवी देतो: सोनं.

आता गेमरच्या डोक्याने बघा. पाच जागा म्हणजे पाच प्रदेश! एक फाशांचं शहर, जिथे प्रत्येक दार नशिबावर उघडतं. एक नशेचा प्रदेश, जिथे दिसतं ते खरं नसतं. आणि शेवटी सोन्याची नगरी, सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात वाईट. मला हे कुणी सांगितलेलं नाही, निव्वळ माझा अंदाज आहे. पण कलियुग या नावाचा गेम बनवताना ही गोष्ट टेबलावर आलीच नसेल, हे मला पटत नाही.

अंदाज तिसरा: अश्वत्थामा

हा तुमच्यातल्या तिघांनी पाठवला. सात चिरंजीवांपैकी अश्वत्थामा कलियुगातही जिवंत आहे, तर तो येणारच. चाकणच्या एका मित्राने तर व्हॉइस मेसेजमध्ये आजीचा आवाज काढून सांगितलं, 'रातच्याला दार वाजलं तर उघडू नको, अश्वत्थामा तेल मागायला आलेला असतो.' ही गोष्ट आपल्याकडे घराघरांत आहे. कपाळावरचा मणी काढून घेतलाय, जखम वाहतेय, आणि तो नर्मदेच्या काठाने तेल मागत फिरतोय.

मला वाटतं तो शत्रू म्हणून आला तर वाया जाईल. 'बॉस'ला हरवायचं असतं, आणि ज्याला मरताच येत नाही त्याला हरवून काय मिळणार? त्यापेक्षा तो वाटेत भेटावा, राजीकडे तेल मागावं, आणि आपण द्यायचं की नाही हे आपल्यावर सोडावं. पुढे काही बक्षीस नको. नुसतं लक्षात राहावं.

अंदाज चौथा म्हणजे खरं तर मागणी

आवाज! पहिल्या भागात आधी इंग्रजी होतं, नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले. यावेळी मराठी येईल का? येईल असं म्हणण्यासारखं माझ्या हातात काहीच नाही. पण मागायला काय जातं? आवाज महाग पडतो, कबूल. निदान खालच्या ओळी तरी मराठीत द्या.

आणि सावल्यांच्या बाहुल्यांचं म्हणाल तर ते आपल्या घरचं आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे कलाकार चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपत आलेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 ची पद्मश्री मिळाली. गेममधला तो प्रसंग पाहिल्यावर मी शोधत शोधत पिंगुळीच्या व्हिडिओपर्यंत पोचलो. म्हणजे पुण्याच्या गेमने मला कोकण दाखवलं. शाळेत कुणी दाखवलं नव्हतं.

आता भावाचं

कलियुगही राजी आणि तिचा भाऊ अशा दोघांचीच गोष्ट आहे. आणि इथे माझी कबुली सुरू होते.

पहिला भाग मी 2021 मध्ये खेळलो. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, कॉलेज मोबाईलवर, आणि घरात एक लॅपटॉप. तो लॅपटॉप ताईने हप्त्यावर घेऊन दिलेला. ताई चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाईनवर होती. आठ तास उभं राहून वायरी बसवायच्या, बोटांना चिकटपट्ट्या. रात्री कंपनीची बस तिला मोशीच्या चौकात सोडायची, आणि ती यायची तेव्हा मी राजी खेळत बसलेलो असायचो.

एकदा ती हातात ताट घेऊन मागे उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, 'ही पोरगी सारखी पळतेय रे. तिचा भाऊ काय करतोय?'

मी म्हटलं, 'ताई, त्याला पळवून नेलाय. त्याला सोडवायचंय.'

ती म्हणाली, 'हां. म्हणजे बसलाय.' आणि जेवायला लागली.

तिने टोमणा मारला नव्हता, मंडळी. तिला खरंच गोष्ट समजून घ्यायची होती. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण आमच्या घरातला गोलू मीच होतो.

त्याच आठवड्यात मी गेमबद्दल वाचायला लागलो. तेव्हा कळलं की यांनी 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, आणि तो फसला. किकस्टार्टरचा नियम माहितीये ना? ठरलेली रक्कम पूर्ण झाली नाही तर एक रुपयाही मिळत नाही. त्यानंतर काम चालू ठेवायला संस्थापकांपैकी अविचल सिंग यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. पुण्यात फ्लॅट विकणं म्हणजे काय, हे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आणि मी तो गेम कसा खेळलो होतो? मित्राच्या पेनड्राइव्हवरून. क्रॅक केलेला. फुकट.

ही ती कबुली. चार वर्षं मी या माईकवर राजीबद्दल बोलतोय, 'आपला गेम, आपल्या मातीतला गेम' म्हणतोय, आणि त्या गेमला माझ्याकडून एक पैसा गेलेला नव्हता. तेव्हा पैसे नव्हते हे खरं आहे. पण नोकरी लागल्यावर मी आधी हेडफोन घेतले, मग बूट घेतले. मग फोन बदलला. राजी राहूनच गेली. लॅपटॉपमध्ये होतीच ना, मग विकत कशाला घ्यायची, असं मनात कुठेतरी होतंच.

ताईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'त्यांनी घर विकलं आणि तू फुकट खेळलास?' मागच्या पगाराला मी गेम स्टीमवर विकत घेतला. पैसे काही फार गेले नाहीत. उशीर मात्र फार झाला.

मग अंदाज कशाला बांधायचे?

बांधायचेच! त्यात मजा आहे. 'सिल्कसाँग'ची वाट लोकांनी 2019 पासून पाहिली. प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाआधी 'या वेळी नक्की' म्हणत स्वतःचं हसं करून घेतलं, आणि सप्टेंबर 2025 मध्ये गेम आला तेव्हा त्या वाट पाहण्याचीही एक गोष्ट झाली होती. पण ती छोटी टीम तेवढी वर्षं टिकली, कारण तिचा पहिला गेम, 'हॉलो नाईट', लोकांनी खोऱ्याने विकत घेतला होता. ही बाजू आपण विसरतो. दुसऱ्या भागाचा सगळ्यात मोठा अंदाज पहिल्या भागाच्या विक्रीवर ठरतो. पाच प्रदेश असतील की तीन, मराठी ओळी येतील की नाही, हे काही अंशी आपल्या हातात होतं, आणि आहे.

म्हणून एवढंच सांगतो. ज्याला परवडतं त्याने पहिला भाग विकत घ्या. नसेल परवडत तर दुसरा भाग निदान विशलिस्टमध्ये टाका, त्याला काही पैसे पडत नाहीत. आणि तुमचा अंदाज मला व्हॉइस मेसेजने पाठवा, एका मिनिटाच्या आत. पेनड्राइव्ह मात्र पाठवू नका. (हसतो.)

माझा शेवटचा अंदाज भावाबद्दल. दुसऱ्या भागात त्याला खूप शक्ती मिळाव्यात, असं माझं काही म्हणणं नाही. एखाद्या प्रसंगात राजी थकून बसावी, आणि त्याने तिला न विचारता पुढे चालायला लागावं. मला तेवढं पुरे.

ताई आता सुपरवायझर आहे. आज तिने सुट्टी टाकलीय, आणि मी हे रेकॉर्ड करतोय तेव्हा पलीकडे बसून ती पहिला भाग खेळतेय. स्वतः, पहिल्यांदाच. गेली वीस मिनिटं एकाच भिंतीवरून पडतेय. उजवीकडे उडी मार म्हणून सांगायला मी तोंड उघडलं, तर हात वर करून म्हणाली, 'थांब. सांगू नकोस.'

तर मी थांबतो. भेटू पुढच्या गुरुवारी. सेकंड शिफ्टवाल्यांनो, नीट जा घरी.