तेलाच्या पदरावर दोनशे वीस टन

तळ्यात चपटा दगड तिरपा फेकून त्याचे टप्पे आपण सगळ्यांनी मोजले आहेत. वेग असेल तर दगड पाण्यावरून उसळत जातो. हळूच सोडला तर तळ गाठतो. वीजकेंद्रातल्या अवजड यंत्रांचंही काहीसं असंच असतं. मी कला शाखेचा माणूस, पण या गोष्टीनं मला धरून ठेवलं आहे.

फिरणारा दांडा बेअरिंगवर टेकलेला असतो, असं आपण समजतो. चालू यंत्रात तो टेकतच नाही. मधे तेलाचा पदर असतो, केसाहूनही पातळ. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासत होते. तेल सोडायला त्यांनी वरून भोक पाडलं, तर तेल उलट बाहेर येऊ लागलं. लाकडी बूच ठोकलं, तेही ढकललं गेलं! दांडा फिरता फिरता स्वतःच तेल आत ओढतो आणि त्यावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं: तेलाला पाचरीसारखी निमुळती जागा हवी.

अमेरिकेच्या अल्बर्ट किंग्जबरींनी बेअरिंगचे सुटे तुकडे केले. भार आला की ते जरासे कलतात आणि पाचर आपोआप तयार होते. १९१२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या होल्टवुड जलविद्युत केंद्रात ते बसवलं. भार सुमारे २२० टन, वेग मिनिटाला जेमतेम ९४ फेरे.

खरा धोका मात्र याहून संथ गतीत. औष्णिक केंद्राचं टर्बाइन बंद केलं, तरी तापलेला दांडा थांबवून चालत नाही. वरची बाजू गरम, खालची थंड, असा तो वाकतो. म्हणून तो तासन्‌तास हळूहळू फिरवत ठेवतात. इतक्या कमी वेगात भारी दांड्याखाली पदर धरत नाही. धातूला धातू घासला, की बेअरिंगचं मऊ अस्तर पुसलं जातं आणि अख्खा संच बंद. मग खालून जोरदार दाबानं तेल सोडून दांडा उचलून धरतात. हा उचल किती? मिलिमीटरचे काही शतांश!

आणि केंद्रातलीच वीज गेली तर? त्यासाठी बॅटरीवरचा तेलपंप सज्ज असतो. तो पंप वेळोवेळी चालवून पाहणारा कामगार आपल्याला कधी दिसत नाही; आपल्या घरातला दिवा त्याच्याही भरवशावर असतो.