शॅम्पेन कोणाची?

सामना जिंकला की पोरं बाटली हलवून एकमेकांना भिजवतात, आणि आपण सरसकट म्हणतो, शॅम्पेन उडवली. फ्रान्सच्या ईशान्येला, रँस आणि एपर्ने या शहरांभोवती जो शॅम्पेन भाग आहे, तिथल्या शेतकऱ्यासमोर हे बोलून बघा. त्याच्या लेखी त्याच भागातल्या द्राक्षांची, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली वाईन म्हणजे शॅम्पेन. बाकी सगळी नुसती स्पार्कलिंग वाईन.

ऐकताना हा ब्रँडिंगचा माज वाटतो. पण १९११ साली तिथे काय झालं ते ऐका.

त्याआधीची काही वर्षं शेतकऱ्यांचे हालच होते. फिलॉक्सेरा नावाची कीड वेलींच्या मुळांना लागलेली, त्यात १९१० चं पीक जवळजवळ गेलं. आणि काही व्यापारी लुआरसारख्या लांबच्या भागातून स्वस्त माल आणून त्याचीच शॅम्पेन करत होते. लेबल शॅम्पेनचं, द्राक्षं बाहेरची, आणि गावच्या द्राक्षाला भाव नाही. ओळखीचं वाटतंय ना? जानेवारीत दामरी गावाजवळ शेतकऱ्यांनी असा माल अडवला आणि थेट मार्न नदीत लोटला.

बरं, सरकारनं १९०८ मध्येच नकाशावर हद्द आखली होती. पण त्या रेषेनं दक्षिणेचा ओब जिल्हा बाहेर काढला. ओबचं मुख्य शहर त्रुआ, आणि हे त्रुआ म्हणजे शॅम्पेनच्या सरदारांची जुनी राजधानी! राजधानीच शॅम्पेनच्या बाहेर! ओबवाले रस्त्यावर उतरले. सरकार त्यांच्याकडे झुकतंय म्हटल्यावर एप्रिलमध्ये मार्नवाले भडकले. आई गावात (हो, गावाचं नावच आई) त्यांनी व्यापाऱ्यांच्या इमारती जाळल्या. लष्कर आलं. ओबला आधी 'दुसरा विभाग' असा दुय्यम शिक्का मिळाला, पूर्ण नाव मिळायला १९२७ उजाडलं.

म्हणजे नावाची ही राखण नुसत्या कंपन्यांच्या वकिलांनी केली नाही, शेतकऱ्यांनीही केली.

पण दुसरी बाजूही आहे. स्वित्झर्लंडमध्ये व्हो प्रांतात शॅम्पेन नावाचंच एक गाव आहे. तिथली वाईन साधी, बुडबुडे नसलेली, गावाच्या नावानं विकली जायची. युरोपीय संघाबरोबरच्या १९९९ च्या करारामुळे २००४ पासून ते बंद. गाव तुमचं, नाव तुमचं, डोमेन मात्र दुसऱ्याच्या नावावर. इथे मी गावाच्या बाजूनं आहे, बुवा.

आपल्या नारायणगावातही १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं अशी बुडबुड्यांची वाईन बनू लागली. परदेशात ती 'ओमर खय्याम' म्हणून विकली गेली. अमेरिकेत मात्र २००६ च्या करारानंतरही जुनी 'कॅलिफोर्निया शॅम्पेन' लेबलं चालतात.

आणि रशिया? २०२१ च्या कायद्यानं 'शाम्पान्स्कोये' हे नाव फक्त रशियन वाईनला ठेवलं. खुद्द फ्रान्सहून आलेल्या बाटलीच्या मागच्या लेबलवर 'स्पार्कलिंग वाईन' लिहायचं! एका बड्या फ्रेंच कंपनीनं माल पाठवणं थांबवलं, आणि काही दिवसांतच लेबल बदलायला तयारही झाली.