हात लहान की वाद्य मोठं?

हौशी बँडमध्ये बास गिटार वाजवू पाहणाऱ्या मुलीला ऐकवलं जातं, 'तुझे हात लहान, तू गा.' पण माप ठरवलं कुणी? फेंडर कंपनीनं १९५१ साली आणलेल्या प्रिसिजन बासमध्ये तारेचा वाजणारा भाग ३४ इंच होता. तेच प्रमाण मानलं गेलं. १९६६च्या मस्टँग बासमध्ये तो ३० इंच आहे. फ्रेटमधलं अंतर घटतं, बोटं कमी ताणावी लागतात. 'टॉकिंग हेड्स'च्या टीना वेमथनं तो वाजवला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा हॉफनरही आखूडच! मग आखूड वाद्य ही बायकांना दिलेली सवलत कशी? तेव्हा वाद्य घेताना पट्टा गळ्यात अडकवून, उभं राहून वाजवून पाहा. तारा त्याच मापाच्या घ्या. आणि गटातल्या मुलींना गाण्यापलीकडचंही काही वाजवू द्या.